बालवर्गासाठी अ‍ॅबोरिजिनल चित्राचा गालिचा: कुठून घ्यावा, आणि त्यावर पाय ठेवावा का?

पिंपळपान

नमस्कार मंडळी,

मेलबर्नच्या पश्चिमेला, वेरिबीजवळच्या एका किंडरगार्टनमध्ये मी चार वर्षांच्या मुलांना शिकवते. सगळ्यांनी मिळून बसायचा आमचा गालिचा, तोच तो ए टू झेडचा, कडेनं पार उसवलाय. नवा घ्यायला कमिटीनं पैसे मंजूर केलेत आणि निवड माझ्यावर सोडली आहे.

यावेळी अ‍ॅबोरिजिनल चित्र (म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या मूळ रहिवाशांचं) असलेला घ्यावा असं फार मनात आहे. अर्ली इयर्स लर्निंग फ्रेमवर्कच्या (लहान मुलांच्या शिक्षणाच्या राष्ट्रीय चौकटीच्या) नव्या आवृत्तीत अ‍ॅबोरिजिनल आणि टॉरेस स्ट्रेट आयलंडर (उत्तरेकडच्या बेटांवरच्या मूळ रहिवाशांचा) दृष्टिकोन हे स्वतंत्र तत्त्व म्हणून आलंय, त्यामुळे कमिटी लगेच हो म्हणाली. पण फ्रेमवर्क नसतं तरी मला हे करायचंच होतं. रोज सकाळी मुलांना घेऊन आम्ही या भागातल्या मूळच्या बुनुरोंग आणि वाडावुरुंग लोकांचं नाव घेतो, त्यांच्या भूमीवर बसलोय असं म्हणतो, आणि वर्गात त्यांच्या कोणाच्याही हातची एक वस्तू नाही. हे मला खटकतं.

एका ऑनलाइन दुकानात एक गालिचा दिसला. गोल, दोन मीटरचा, गेरूच्या रंगावर पांढरे-पिवळे ठिपके, मधोमध वर्तुळात वर्तुळं, भोवती इंग्रजी यू अक्षरासारखे आकार. २४० डॉलर. वर्णन आहे 'अ‍ॅबोरिजिनल कलेपासून प्रेरित'. पान वरपासून खालपर्यंत वाचलं, चित्रकाराचं नाव कुठेच नाही. म्हणून हात आखडला.

दुसरा प्रश्न पायांचा. पुस्तकाला पाय लागला तरी हात लावून नमस्कार करायची सवय लागलेली माणसं आपण. ज्या चित्रात कोणाच्या तरी पूर्वजांची गोष्ट आहे त्यावर वीस-बावीस मुलं रोज बूट घालून बसणार, दूध सांडणार. त्या लोकांना हे कसं वाटत असेल? घरी बैठकीतही असा एक गालिचा टाकायची आमच्या ह्यांची फार इच्छा आहे, तिथेही हाच प्रश्न.

आणि मुलांनी विचारलं 'हे काय आहे?' तर काय सांगायचं? कोणाला अनुभव असेल तर नक्की लिहा.

लालमाती

पिंपळपान, ताई, नाव दिसलं नाही म्हणून थांबलात हे फार बरं केलंत. मी आता अ‍ॅडलेडला असतो, पण त्याआधी बरीच वर्षं अ‍ॅलिस स्प्रिंग्जला होतो आणि तिथल्या काही कला केंद्रांचे (जिथे वस्तीतले चित्रकार चित्रं काढतात आणि विकतात) हिशेब पाहायचो. त्यामुळे या विषयावर मला राहवत नाही, उत्तर लांबणार आहे. (खाली ज्या चित्रकारांची नावं येतील ते आता हयात नाहीत. तिथल्या रिवाजाप्रमाणे हे आधी सांगतो.)

आधी गालिच्यांचाच खटला सांगतो, कारण तुमच्या बहुतेक प्रश्नांची उत्तरं त्यात आहेत. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला पर्थच्या एका आयातदार कंपनीनं व्हिएतनाममध्ये गालिचे विणून घेतले. चित्रं उचलली ती राष्ट्रीय कलादालनानं छापलेल्या चित्रसंचातून आणि एका सरकारी कॅलेंडरमधून. म्हणजे लोकांना या कलेची ओळख व्हावी म्हणून जे छापलं होतं त्यातूनच. आठ चित्रकारांची चित्रं, विचारलं एकालाही नाही. काही गालिचे चार हजार डॉलरच्या वर विकायला ठेवले होते आणि सोबतच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं की चित्रकारांना मानधन दिलं जातं. जॉर्ज मिलपुरुरु, बांडुक मरिका आणि इतर कोर्टात गेले. १९९४ साली फेडरल कोर्टानं १,८८,६४० डॉलर भरपाई दिली. ती एकेकाच्या नावावर न तोडता एकत्र द्यावी, आम्ही आमच्या रीतीनं वाटून घेऊ, अशी चित्रकारांची मागणी होती, तीही मान्य झाली.

आता तुमचा पायांचा प्रश्न. बांडुक मरिका उत्तरेकडच्या यिर्काला वस्तीतल्या, रिरातजिंगु कुळाच्या. त्यांच्या चित्रात घोरपडी आणि पवित्र पाणवठा होता. हे चित्र काढायचा हक्क त्यांना कुळाकडून मिळालेला, त्यामुळे त्याचा गैरवापर झाला तर कुळापुढे जबाबदार त्याच. परवानगी दिली नसली तरी! ते चित्र लोकांच्या पायाखाली जाणं हे त्यांच्या परंपरेच्या अगदी उलट होतं, आणि त्या मनस्तापाचीही भरपाई कोर्टानं धरली. पैसे बुडाले एवढ्यापुरता तो खटला नव्हता. म्हणजे तुमच्या मनात जे आलं ते खरंच आहे, काही चित्रं जमिनीवर टाकण्यासाठी नसतातच.

पण म्हणून जमीन वाईट असंही नाही, आणि इथे आपली पाय-नमस्काराची फूटपट्टी जशीच्या तशी लावता येत नाही. वाळवंटातल्या लोकांची चित्रं मुळात जमिनीवरचीच. बाया वाळूत बसून बोटानं रेघा ओढत मुलांना गोष्ट सांगतात, एक प्रसंग संपला की हातानं वाळू सारखी करायची आणि पुढचा काढायचा. विधींसाठी जमिनीवर मोठी चित्रं घालत. कॅनबेराला संसद भवनासमोरच्या प्रांगणात मायकेल नेल्सन जगमारा यांच्या चित्रावरून केलेलं जे भलंमोठं मोझेक आहे, सुमारे ९०,००० ग्रॅनाइटच्या तुकड्यांचं, तेही जमिनीवरच आहे.

कला केंद्रात मी पाहिलंय ते सांगतो. कॅनव्हास भिंतीला टेकवत नाहीत, जमिनीवर पसरतात. आजी मांडी घालून बसते, रंगाचे डबे शेजारी, काडीचं टोक रंगात बुडवून ठिपके देत जाते. एक बाजू झाली की स्वतः उठत नाही, कॅनव्हासच फिरवून घेते. मोठा असेल तर दोघी-तिघी चारी बाजूंनी बसतात आणि मधूनच एखादं कुत्रं त्यावरून चालत जातं. त्यामुळे अशा चित्राला वर-खाली नसतं, कुठूनही पाहा. गोल बसलेल्या मुलांच्या गालिच्याला याहून चांगलं चित्र कुठलं मिळणार!

तेव्हा मी विचारतो ते एवढंच: हे चित्र गालिच्यावर जावं असं चित्रकारानं स्वतः ठरवलं का? कला केंद्रांत हे कागदावर असतं. गालिचा, उशी, कप, ज्यासाठी परवानगी दिली तेवढ्यासाठीच ती, आणि विक्रीमागे ठरलेलं मानधन. कोणतं चित्र बाहेर द्यायचं आणि कोणतं नाही हे चित्रकार आणि घरातली मोठी माणसं बघतात. एका बाईंनी भिंतीवरच्या कापडासाठी एक चित्र आनंदानं दिलं आणि जमिनीवर टाकायला मात्र दुसरं निवडलं, हे मी समोर बसून पाहिलंय. त्यांनी निवडलेल्या त्या दुसऱ्या चित्रावर तुमची मुलं खुशाल बसू देत.

तुम्ही पाहिलेला गालिचा घेऊ नका. 'प्रेरित' म्हणजे विचारलेलं नाही, एवढं धरून चाला.

खटपट्या

लालमाती, माहिती छान, पण व्यवहाराचंही बघा. किंडरच्या कमिटीकडे असून किती पैसे असणार? कला केंद्राच्या परवानगीचा, हातानं केलेला लोकरी गालिचा सहज दुप्पट-तिपटीनं महाग पडतो. मुलांना रंग आणि आकार दिसले, त्यावरून शिक्षिकेनं दोन गोष्टी सांगितल्या, तर हेतू साध्य होतोच ना? आणि परदेशात बनतो म्हणून नाक मुरडायचं तर घरातली कुठली वस्तू उरेल?

लालमाती

खटपट्या, पैशाचा मुद्दा रास्त आहे, त्यावर येतो. पण हेतू साध्य होत नाही. प्रॉडक्टिव्हिटी कमिशन या सरकारी सल्लागार संस्थेचा २०२२चा अहवाल आहे: अ‍ॅबोरिजिनल म्हणून ज्या भेटवस्तू विकल्या जातात त्यांवरचा निम्म्याहून जास्त खर्च नकली मालावर होतो. २०१९ साली एका घाऊक कंपनीला २३ लाख डॉलर दंड झाला. इंडोनेशियात बनवलेली बूमरँग आणि डिजरिडू (फुंकून वाजवायचं लांब वाद्य) ऑस्ट्रेलियातल्या अ‍ॅबोरिजिनल लोकांच्या हातची वाटावीत अशा रीतीनं विकली होती, १८,००० हून जास्त नग. आणि तो दंड ग्राहकांची दिशाभूल केली म्हणून. नुसतं 'प्रेरित' म्हणून ठिपके छापले आणि कोणाचं विशिष्ट चित्र उचललं नाही, तर आजच्या कायद्यात पकडणं अवघड जातं. केंद्र सरकारनं २०२३च्या सांस्कृतिक धोरणात यासाठी वेगळा कायदा करू असं जाहीर केलं, ते याचमुळे. दूरच्या वस्तीत चित्रकला हा कित्येक घरांचा स्वतःच्या कष्टाचा एकमेव पैसा असतो. हिशेबाच्या वहीत मी ते बघितलंय. मानधनाची रक्कम लहान असते, पण ती आली की किराणा भरला जातो, गाडीत डिझेल पडतं.

परदेशात बनण्याला माझा आक्षेप नाहीच. अ‍ॅडलेडची बेटर वर्ल्ड आर्ट्स ही संस्था वाळवंटातल्या चित्रकारांची चित्रं परवानगीनं घेते आणि काश्मीरच्या कारागिरांकडून साखळी टाक्यात लोकरीचे गालिचे आणि उशांचे अभ्रे करून घेते. आपल्याकडच्या आरीकामाचाच प्रकार. चित्रकाराला मानधन, कारागिराला मजुरी, आणि वस्तूसोबत चित्रकाराचं नाव आणि चित्राची गोष्ट. माझ्या घरी एक आहे. जवळून पाहिलं तर प्रत्येक ठिपका म्हणजे गोगलगायीसारखी आत वळत गेलेली टाक्यांची ओळ आहे. वाळवंटातल्या युएन्डुमू वस्तीतल्या आजीचा ठिपका श्रीनगरकडच्या कुणाच्या तरी हातानं पुन्हा एकदा काढलेला. व्हिएतनामच्या त्या गालिच्यांत आणि यात फरक आहे तो विचारण्याचा.

पैशाबद्दल: हातटाक्याचा लोकरी गालिचा वीस मुलांच्या वर्गासाठी नाहीच, परवडला तरी नाही. दूध आणि रंग लोकरीत मुरतात. वर्गासाठी शैक्षणिक साहित्य विकणाऱ्यांकडे नायलॉनवर छापलेले, मागे न घसरणारा थर असलेले गालिचे मिळतात आणि त्यांत चित्रकाराशी करार करून छापलेलेही असतात. त्यांची किंमत तुमच्या नकली गालिच्याच्या फार वर जात नाही. विक्रेत्याला सरळ ईमेल करा: चित्रकार कोण, कुठल्या लोकांपैकी, गालिच्यावर छापायचा परवाना आहे का, मानधन कसं दिलं जातं. खरा विक्रेता दुसऱ्या दिवशी सविस्तर उत्तर देतो, त्याला हे सांगायला आवडतं. इंडिजिनस आर्ट कोड (चित्रकारांशी न्यायानं व्यवहार करायची विक्रेत्यांची आचारसंहिता) याच्या सभासदांची यादी पाहा, सप्लाय नेशनच्या यादीत अ‍ॅबोरिजिनल मालकीचे व्यवसाय सापडतात. कोड ऐच्छिक आहे, तरी सुरुवात करायला चांगली जागा.

रानवाट

पिंपळपान ताई, मी ब्रिस्बेनला प्राथमिक शाळेत आहे. तिसऱ्या प्रश्नाबद्दल लिहिते, आणि थोडं तुमच्या निवडीबद्दलही.

ठिपक्यांची चित्रं मुख्यत्वे मध्य ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातली. उत्तरेकडच्या आर्नेम लँडमध्ये झाडाच्या सालीवर बारीक जाळीदार रेघा असतात. तुमच्या व्हिक्टोरियात जुनी परंपरा आहे रेघांची, चौकटींची, आणि पॉसम या झाडावर राहणाऱ्या प्राण्याच्या कातड्याच्या झग्यांची, ज्यांच्या आतल्या बाजूला कोरून नक्षी करत. इथे २५० हून जास्त भाषा होत्या, तितकी माणसं वेगळी, तितकी चित्रं वेगळी. वेरिबीच्या मुलांनी सकाळी बुनुरोंग-वाडावुरुंग नावं घ्यायची आणि बसायचं मात्र दूरवरच्या वाळवंटाच्या चित्रावर, यात चूक काही नाही, पण मुलांना तसं सांगा तरी. मी तर म्हणेन आधी जवळचं शोधा. मेलबर्नला फेडरेशन स्क्वेअरमध्ये कूरी हेरिटेज ट्रस्ट आहे, तिथल्या लोकांना विचारा, आग्नेयेकडच्या चित्रकारांची नावं ते सांगतील. मुलांना न्यायलाही छान जागा आहे.

मुलांनी विचारलं तर चित्रकाराचं नाव आधी सांगायचं. 'हे अमुक मावशींनी काढलंय, त्या अमुक ठिकाणी राहतात, त्यांनी आपल्याला ही गोष्ट वाचायला दिली आहे.' मग नकाशात बोट ठेवायचं. चार वर्षांच्या मुलाला एवढं पुरतं आणि ते लक्षातही राहतं. माझ्या वर्गातली एक मुलगी गालिच्यावर बसताना दरवेळी त्या चित्रकाराला 'गुड मॉर्निंग' म्हणते. मी शिकवलेलं नाही.

यू आकार म्हणजे बसलेला माणूस, वर्तुळं म्हणजे पाणवठा किंवा मुक्कामाची जागा, हे सर्वसाधारणपणे खरं आहे. पण नेटवर जे चिन्हांचे तक्ते मिळतात ते वर्गात लावू नका. तीच वर्तुळं एका चित्रात पाणी, दुसऱ्यात शेकोटी, तिसऱ्यात टेकडी असते. चित्रासोबत चित्रकारानं जी गोष्ट दिली असेल तेवढीच सांगा. त्यांनी जेवढी दिली तेवढीच आपली.

आणि एक कळकळीची विनंती: गालिचा आला की लगेच मुलांना कापसाच्या काड्या देऊन ठिपके काढायला बसवू नका. हे जवळजवळ प्रत्येक शाळेत होतं. त्याऐवजी मुलांना त्यांचीच गोष्ट काढू द्या: घरापासून किंडरपर्यंतचा रस्ता, वाटेतलं झाड, शेजारचं कुत्रं, वरून पाहिल्यासारखं. स्वतःची जागा स्वतःच्या रेघांनी.

लालमाती

रानवाट, मनातलं बोललात. शाळेवरून आठवलं. या चित्रकलेची आजची चळवळ शाळेच्याच भिंतीवर उभी राहिली. १९७१ साली वाळवंटातल्या पापुन्या वस्तीत जेफ्री बार्डन नावाचे शिक्षक होते. तिथल्या मोठ्या माणसांनी शाळेच्या भिंतीवर मधमुंग्यांची पवित्र कथा रंगवली, आणि पुढच्याच वर्षी चित्रकारांची स्वतःची संस्था, पापुन्या तुला, सुरू झाली. शाळेची भिंत मात्र नंतर पांढऱ्या रंगानं पुसून टाकली गेली, अजूनही वाचताना जीव तुटतो.

आणि युएन्डुमूला, अ‍ॅलिस स्प्रिंग्जपासून वायव्येला जवळपास ३०० किलोमीटरवर, १९८०च्या दशकात तिथल्या वार्लपिरी लोकांच्या ज्येष्ठांनी शाळेचे तीस दरवाजे रंगवले. मुलं शाळेत गेली तरी आपल्या जागा, आपल्या कथा त्यांच्या डोळ्यांसमोर राहाव्यात म्हणून. ते दरवाजे आता आमच्या अ‍ॅडलेडच्या साउथ ऑस्ट्रेलियन म्युझियमच्या संग्रहात आहेत. बारा वर्षं ऊन, धूळ आणि शाळकरी पोरं यांनी त्यांचं जे केलं ते सगळं त्यांवर आहे, मुलांनी ओरखडून लिहिलेलंसुद्धा. मुलांचे हात लागणार हे ज्येष्ठांना रंगवतानाच ठाऊक होतं, तरी त्यांनी दरवाजेच निवडले. पिंपळपान ताई, दूध सांडायची फार काळजी करू नका.

पिंपळपान

सगळ्यांचे मनापासून आभार. किती शिकायला मिळालं!

त्या २४० डॉलरवाल्या दुकानाला लालमातींनी सांगितलेले प्रश्न पाठवले. उत्तर आलं: 'आमच्या डिझाइन टीमनं तयार केलेलं आहे.' बस, एवढंच. तो विषय संपला.

कूरी हेरिटेज ट्रस्टला जाऊन आले. तिथल्या ताईंनी मला घाई करू नका असं सांगितलं आणि दोन चित्रकारांची नावं दिली, दोघी व्हिक्टोरियातल्याच. त्यातल्या एकींचं चित्र शाळांच्या गालिच्यासाठी परवान्यानं छापलं जातं. नदी, ईल मासे आणि काठावरच्या रेघा असं आहे, एकही ठिपका नाही. कमिटीतल्या एक बाई फोटो पाहून म्हणाल्या, 'हे अ‍ॅबोरिजिनल वाटत नाही.' त्यांना रानवाटचा ठिपक्यांबद्दलचा परिच्छेद इंग्रजीत सांगितला, मग त्याच बाईंनी अनुमोदन दिलं. मागवलाय. चौकोनी आहे, तीन बाय दोन मीटर. बजेटच्या वर जेवढे गेले तेवढे सॉसेज सिझलमधून (सॉसेज भाजून विकून) उभे करू.

घरासाठी काश्मिरी टाक्याचा घ्यायचं ठरतंय. लालमाती, तो रोजच्या वापराला टिकतो का? आमच्याकडे फरशी लाकडी आहे आणि मुलगा सात वर्षांचा. आणि स्वच्छ कसा करायचा?

लालमाती

फारच छान! ईल माशांचा गालिचा आला की फोटो टाका, आणि चित्रकाराचं नाव मोठ्या अक्षरात लिहून वर्गात गालिच्याशेजारच्या भिंतीवर लावा.

काश्मिरी गालिचा टिकतो. लाकडी फरशीवर खाली न घसरणारी जाळीची मॅट टाकाच, नाहीतर सात वर्षांचा मुलगा त्यावरून घसरगुंडी करेल. व्हॅक्यूम करताना फिरता ब्रश बंद ठेवा, तो साखळीचे टाके उचकटतो. सांडलं तर लगेच कोरड्या फडक्यानं टिपायचं, घासायचं नाही, आणि मशीनमध्ये अजिबात घालू नका. थेट ऊन येणाऱ्या खिडकीपाशी असेल तर दोन-तीन महिन्यांनी फिरवून टाका, म्हणजे रंग एका बाजूनं उडत नाही. चित्राला वर-खाली नाही, तेव्हा कसाही फिरवला तरी चालतो.